बदली माल

मंगळवारी सकाळी गाडीवाल्यानं फुटपाथवर चाळीस खोकी उतरवली आणि एकेचाळिसाव्याला हात घातला, तेव्हा वहिनीनं त्याचं मनगट धरलं. प्रेमानं नव्हे.

"हे काय आहे?"

"माल."

"कसला माल?"

गाडीवाल्यानं खोक्यावरची अक्षरं वाचून दाखवली, जणू त्यालाही ती नवीनच होती. "हिरवं सफरचंद. गोड. बिनदारूचं."

"हा बार आहे. वरची पाटी वाचता येते, की तीही मीच वाचून दाखवू?"

"वहिनी, चलानावर जे असतं ते मी उतरवतो. उद्या चलानावर हत्ती असला तर हत्ती उतरवीन. सही करा, मला अजून अकरा ठिकाणी शिव्या खायच्या आहेत."

ती त्याची वहिनी नव्हती. पण त्या रस्त्यावर सगळेच तिला वहिनी म्हणत. ज्यांचे केस तिच्याहून पांढरे होते तेही. बार तिच्या सासऱ्यांनी काढलेला, कागदोपत्री नवऱ्याच्या नावावर, म्हणून नवऱ्याला सगळे "मालक" म्हणत, आणि म्हणताना हळूच हसत. मालक लिंबं कापत, टेबलं पुसत आणि गिऱ्हाइकांची दुःखं ऐकत. बाकी सगळं वहिनी बघे. चार नळ, नऊ टेबलं, एक लांब काउंटर आणि खाली तळघर, एवढंच तिचं राज्य. कुठल्या पिंपात किती ग्लास उरलेत ते ती टिचकी मारून सांगे, आणि कुठल्या गिऱ्हाइकाच्या पोटात किती गेलेत ते त्याच्याकडे नुसतं बघून.

तिनं सही केली नाही. गाडीवाल्यानं खांदे उडवले, उरलेली वीस उतरवली, चलानावर स्वतःच "पोचले" असं लिहिलं आणि गाडी सुरू केली. साठ खोकी फुटपाथवर राहिली. येणारे-जाणारे वळसा घालून जाऊ लागले, आणि प्रत्येक जण वळसा घालताना खोक्यावरचं वाचून वहिनीकडे बघू लागला. त्या बघण्याचा तिला सगळ्यात जास्त राग आला.

तीन आठवडे हेच चाललं होतं. आधी माल पुरवणाऱ्या दोन गोदामांचं एक गोदाम झालं. दोन आंधळ्यांनी एकमेकांचा हात धरून रस्ता ओलांडावा तसं. मग बाटल्यांची काच मिळेना. मग गॅसची नळकांडी मिळेनात. मग गाडीवाले सोडून गेले. दर सोमवारी फोनवर एक नवं कारण यायचं, आणि आधीचं कारण बरं झालं की मेलं, ते कुणी कळवायचं नाही. तीन आठवड्यांत पिवळी बिअर निम्मी आली. काळी आलीच नाही. काळीच्या बदल्यात एकदा बिनफेसाचं पाणी आलं, एकदा काड्यांसकट छत्रीवाले ग्लास आले, आणि आता हे सफरचंद.

आणि येत्या शनिवारी काळी लागणार होती.

रस्त्याच्या टोकाला छापखाना होता. त्याची पहिली पाळी दोन वाजता सुटायची आणि शनिवारी ती सरळ वहिनीच्या बारमध्ये शिरायची. बार चालत होता तो त्या पाळीच्या तहानेवर. या शनिवारी बांधणी विभागाचा फोरमन निवृत्त होणार होता. सत्तर माणसं येणार होती. फोरमन एकतीस वर्षं फक्त काळी पीत आला होता, आणि त्याच्या हाताखालच्यांना दुसरं काही मागायची हिंमत झाली नव्हती. मागच्या शनिवारी तो काउंटरवर दोन्ही हात टेकवून एवढंच म्हणाला होता, "पुढच्या वेळी तरी असेल ना, वहिनी? नाहीतर पोरं कोपऱ्यावर जाऊ म्हणतायत."

कोपऱ्यावर म्हणजे नव्या मोठ्या बारमध्ये. त्याच्या मालकाच्या पाच शाखा होत्या, म्हणून त्याला सगळे पाचशाखे म्हणत. पाचशाख्याची गाडी कधी चुकत नसे. गोदामात नसलेला मालही त्याच्याकडे असे. छापखान्याची पाळी एकदा तिथल्या खुर्च्यांना चिकटली की परत उठणार नाही, हे वहिनी ओळखून होती. माणूस घर बदलतो, पक्ष बदलतो, बसायची जागा बदलत नाही.

"अहो," ती आत येऊन म्हणाली. मालक लिंबाच्या फोडी एका रांगेत लावत होते. "काल फोनवर काय सांगितलंत?"

"तू लिहून दिलेलं तेच. आठ काळी, चार पिवळी."

"आणि ते काय म्हणाले?"

"ते म्हणाले, बघतो."

"एवढंच?"

"गोड बोलत होती गं मुलगी," मालक म्हणाले. त्यांच्या मते हे उत्तर होतं.

बुधवारी सकाळी वहिनीनं शेजारच्या लाँड्रीवाल्याकडून त्याची गाडी मागून घेतली, मालकांना शेजारी बसवलं आणि गोदाम गाठलं. लाँड्रीवाला म्हणाला, "मागं इस्पितळाच्या धुतलेल्या चादरी आहेत, जरा जपून." वहिनी म्हणाली, "आज कुणी इस्पितळात गेलंच, तर निदान चादर तरी स्वच्छ मिळेल."

गोदामात माल रवाना करायच्या टेबलावर तिचा धाकटा दीर बसायचा. ही नोकरी त्याला सासऱ्यांच्या शब्दावर लागली होती. तिला बघताच तो उभा राहिला, मग आपण कामावर आहोत हे आठवून खाली बसला.

"भावोजी, साठ खोकी सफरचंद कुणी मागवलं?"

"वहिनी, तुम्ही बसा तरी."

"बसायला वेळ आहे का? फुटपाथवर माझी शोभा झालीय. कुणी मागवलं ते सांगा."

भावोजींनी भावाकडे बघितलं. भावानं छताकडे बघितलं. छताला बघण्यासारखं काही नव्हतं.

"बदली माल आहे तो," भावोजी म्हणाले. "मागितलेला माल नसला की त्याच किमतीचा दुसरा जातो. पण गिऱ्हाईक हो म्हणाल्याशिवाय नाही. आता सगळे फोन नोंदवले जातात, वहिनी. तुमच्याकडून हो आलेलं आहे."

"माझ्याकडून?"

"तुमच्या बारकडून."

"ऐकवा."

"तसं ऐकवता येत नाही."

"भावोजी, तुमच्या लग्नात तुम्हाला घाम फुटला होता तेव्हा तुमच्या खिशात रुमाल कुणी कोंबला? ऐकवा."

भावोजींनी एक कळ दाबली. यंत्रातून आधी खरखर आली, मग फोनवालीचा मधात बुडवलेला आवाज. काळी उपलब्ध नाही, पर्यायी माल पाठवला तर चालेल? त्यावर मालकांचा आवाज. "हां हां. चालेल, चालेल."

मागच्या आठवड्याचा फोन. चालेल. त्याच्या मागच्या आठवड्याचा. गाडी मंगळवारऐवजी बुधवारी आली तर? चालेल. पिवळी निम्मी? चालेल हो. तीन फोनांत मिळून अकरा वेळा.

आता या शब्दाची गंमत अशी आहे, की तो म्हणजे हो नव्हे. पाहुण्याला विचारावं, साखर संपलीय, बिनसाखरेचा चहा चालेल? तो म्हणतो, चालेल. आणि मनात ठरवतो की या घरी पुन्हा यायचं नाही. दात काढणारा म्हणतो, जरा दुखेल. आपण म्हणतो, चालेल. चालेल म्हणजे तुमचं ऐकलं. चालेल म्हणजे आता पुरे, फोन ठेवा. मालक तर हा शब्द श्वासासारखा वापरत. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, मालक, मला जगावंसं वाटत नाही. तेव्हाही मालकांच्या तोंडून आधी चालेल निघालं, आणि मग बिचारे तासभर त्याची समजूत काढत बसले. शब्दाला आवाज असतो, चेहरा असतो, मागेपुढे हात हलतात. गोदामाच्या यंत्राला यातलं काही दिसत नव्हतं. त्यानं फक्त शब्द घेतला आणि त्याची सही केली.

"तुमच्या जिभेला हाड नाही ते नाही, निदान एखादा टाका तरी घालून घ्या," वहिनी नवऱ्याला म्हणाली. गोदामातले चार जण काम थांबवून ऐकू लागले. "एवढा बार तुमच्या बापानं उभा केला, तो तुम्ही एका शब्दात वाटून टाकलात. त्या पोरीनं उद्या विचारलं, मालक, बार पाडून तिथे मुतारी बांधली तर? काय म्हणाल?"

भावोजींचा हात अजून कळेवरच होता, आणि यंत्रातला शेवटचा फोन संपायचा होता. त्यात मालक म्हणत होते, "नाही म्हणजे, काळी आम्हाला जरा हवीच होती, थांबा, हिला विचारतो," आणि लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा, एका बाईचा आवाज आला. "अहो, किती वेळ? चालेल म्हणा नि इकडे या, नळाची चावी धरा."

सोमवारी दहा वाजता ती तळघरात नळ्या धूत असायची. म्हणूनच फोन मालक घेत.

भावोजींनी अगदी हळू कळ सोडली, जणू ती झोपलेली होती. वहिनीचे कान लाल झाले. रागाचं असं असतं, की तो एकाच्या नावानं काढलेला असला तरी दुसऱ्याच्या खात्यावर सहज जमा करता येतो. पण स्वतःच्या खात्यावर टाकायची वेळ आली की माणूस आधी इकडे-तिकडे बघतो. वहिनीनं इकडे-तिकडे बघितलं. मालधक्क्यावर, भिंतीच्या कडेला, आठ काळी पिंपं उभी होती. त्यांच्यावर खडूनं खूण केलेली होती.

"ती काय आहेत?"

"ती ठरलेली आहेत, वहिनी."

"म्हणजे काळी आहे."

"ठरलेली आहे."

"साहेब कुठे तुमचे?"

"वर. पण ते कुणाला भेटत नाहीत. फोनवरच बोलतात."

"कुठल्या फोनवर?"

"ह्याच की. आता सगळं ह्याच फोनवरून," भावोजी म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांना कळलं, पण तोवर फोन वहिनीच्या हातात गेला होता.

तिचा आवाज असा बदलला की मालकांनी चमकून तिच्याकडे बघितलं. लग्नानंतर पहिल्या महिन्यात तो आवाज त्यांनी शेवटचा ऐकला होता. "साहेब, नमस्कार. त्रास नाही देत, एकच मिनिट. तुमच्याकडे गाड्या कमी आहेत ना, म्हणून म्हटलं, आम्ही आमचीच गाडी आणली तर चालेल?"

पलीकडे साहेब काही तरी चावत होते. "हां, चालेल."

"आणि धक्क्यावरची ती आठ काळी पिंपं आम्ही आजच उचलली तर? तेवढीच तुमची एक फेरी वाचेल."

"हां हां, चालेल, चालेल. खाली सांगा त्यांना."

"उपकार झाले, साहेब." तिनं फोन जागेवर ठेवला. "अकरा वाजून दहा मिनिटं. लिहून ठेवा, भावोजी. गिऱ्हाइकाचा हो लागतो तसा गोदामाचाही लागत असेल."

"वहिनी, माझी नोकरी जाईल. ती पिंपं दुसऱ्याची आहेत. ती..."

"पाचशाख्याचीच असणार. दुसऱ्या कुणाची ठरवून ठेवता तुम्ही? त्याला पाठवा सफरचंद."

भावोजींनी तोंड उघडलं. वहिनीनं हात वर केला, आणि धाकट्या दिरानं थोरल्या भावजयीसमोर मिटावं तसं ते मिटलं. दोन हमालांनी पिंपं गाडीत चढवली. इस्पितळाच्या चादरींवर आठ गोल डाग पडले. परतताना मालक म्हणाले, "तो आवाज तुझ्याकडे अजून आहे, हे मला माहीत नव्हतं." वहिनी म्हणाली, "घरात वापरला तर झिजतो."

गुरुवारी तिनं पिंपं तळघरात गार व्हायला ठेवली. शुक्रवारी फोरमनला निरोप गेला, काळी आहे. शनिवारी सकाळी तिनं दोन पिंपं नळाला जोडली, पहिला ग्लास ओतून बघितला, फेस सायीसारखा बसला, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिला कुणाला शिवी द्यावीशी वाटली नाही. हे तासभर टिकलं.

दहाच्या सुमाराला पुलाजवळचे मामा आले. मामांचा बार म्हणजे भिंतीतलं कपाट. सहा स्टुलं, एक नळ, आणि त्या नळाला फक्त काळी. काळी दोन टप्प्यांत ओतायची, मधे थांबायचं, घाई केली की ती रुसते, हे वहिनीला नवी नवरी असताना मामांनीच शिकवलं होतं. आज ते चालत आले होते आणि दम लागला होता. मालकांनी खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"एक पिंप उसनं दे, पोरी," मामा म्हणाले. "मंगळवारी परत करतो."

वहिनी ग्लास पुसत होती. ती पुसतच राहिली.

"तीन आठवड्यांचा माझा वाटा साठला होता. आठ पिंपं. बुधवारी येतो म्हणाले. बुधवार गेला. गुरुवारी फोन केला तर ती पोरगी म्हणते, माल वळवला. वळवला म्हणजे काय? नदी आहे का ती? त्या पाचशाख्यानं नेली असणार, दुसरं कोण. काल मी दारच उघडलं नाही. येणारा येतो, नळाकडे बघतो, माझ्याकडे बघतो, आणि जाताना म्हणतो, काही हरकत नाही. ते हरकत नाही ऐकवत नाही मला. एकच दे. सहाच माणसं आहेत माझी."

मालक हातातल्या लिंबाकडे बघत होते. एक पिंप देऊन मोकळं होता आलं असतं. वर उपकार झाले असते, आणि पाचशाख्याच्या नावानं दोघांनी मिळून बोटं मोडली असती. हा हिशेब वहिनीच्या डोक्यात अर्ध्या क्षणात झाला, आणि तो अगदी बरोबर जमला, म्हणूनच तिला स्वतःची चीड आली.

"पाचशाख्यानं नाही, मामा. मी नेली."

"काय?"

"तुमची आठ पिंपं. बुधवारी. मला वाटलं त्याची आहेत."

मामा खुर्चीत बसले. "विचारलं नाहीस?"

"नाही."

"का?"

"त्याची नसतील अशी भीती वाटली म्हणून."

"मग त्याच्यात आणि तुझ्यात काय फरक? त्याच्या पाच शाखा, तुझी एक, एवढाच?"

"तुम्ही मला बोला, मामा. पण तीन आठवडे माझ्या नळाला काय येतंय ते..."

"माझ्या नळाला काय येत होतं? गुलाबपाणी?" मामांचा आवाज मोठा नव्हता. "तुझ्या सासऱ्याला पहिलं पिंप मी उसनं दिलं होतं. तो परत द्यायला आला तेव्हा वर एक ग्लास घेऊन आला. आणि तू माझ्या खडूच्या खुणेवर हात फिरवून नेलीस. आठच्या आठ दे."

"दोन नळाला जोडली."

"मग सहा दे."

"सत्तर माणसं येतायत दोन वाजता. आज ती इथून तहानलेली गेली तर कायमची गेली. तुमची सहाच आहेत."

"सहा आहेत, पण रोजची आहेत. तुझी सत्तर आठवड्यातून एकदा. मांड गणित, तुला फार येतं ना."

"तीन नेतो म्हणा, मामा."

"मी भीक मागायला आलो नाही. मघाशी एक मागितलं तेव्हा मला माहीत नव्हतं की मी माझंच मागतोय."

"मग तुम्हीच सांगा, मी त्यांना काय पाजू? दगड?"

"दगड पाज. पाचशाख्यानं..."

"चार," मालक म्हणाले.

दोघांनी वळून बघितलं. मालकांनी सुरी खाली ठेवली होती.

"चार त्यांची, चार आपली. मी लाँड्रीवाल्याला बोलावतो. आणि मी विचारत नाहीये," ते म्हणाले, आणि तळघराच्या पायऱ्या उतरूही लागले. खालून पिंप सरकवल्याचा आवाज आला. वहिनीनं आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला उलटं उत्तर दिलं नाही. कारण सुचलं नाही हे खरं, पण ते तिनं पुढेही कुणाला सांगितलं नाही.

दोन वाजता पहिली पाळी आली. बोटांना शाई, खांद्यांना कागदाची भुकटी. फोरमनच्या गळ्यात कुणी तरी बांधणीच्या दोऱ्याचा हार घातला होता. काळीचा पहिला ग्लास त्यानं उजेडात धरला, फेसाची जाडी बघितली, आणि सगळे गप्प झाले. त्यानं घोट घेतला. "हां," तो म्हणाला. मग सत्तर गळे एकदम सुटले.

एका पिंपात चाळीस ग्लास. चार पिंपांत एकशेसाठ; फेसाचे आणि सांडलेले पाच वजा. वहिनी ओतत होती, मालक पोचवत होते, आणि प्रत्येक ग्लासाबरोबर तिच्या डोक्यातला आकडा उतरत होता. लोक हसत होते, फोरमनच्या जुन्या चुका मोठ्यानं सांगत होते. वहिनीला त्यातला एकही विनोद ऐकू आला नाही. पावणेचारला नळानं खोकल्यासारखा आवाज केला आणि फेस थुंकला. फोरमनचा तिसरा ग्लास अर्धाच भरला होता.

"संपली," ती म्हणाली. काउंटरवर हात आपटून तिनं पुन्हा सांगितलं, सगळ्यांना. "काळी संपली. आठ होती, चार परत दिली. कुणाला आणि का, ते नंतर सांगीन."

मागच्या टेबलावरून कुणी तरी म्हणालं, "चला रे, कोपऱ्यावर."

"जा," वहिनी म्हणाली. "त्याच्याकडे असेलच. त्याच्याकडे नेहमी असते. का असते ते त्याला विचारा, आणि तुमच्या छापखान्यात कागद कमी पडतो तेव्हा तो कुणाकडे नेहमी असतो, तेही आठवून बघा. नाहीतर पुलाजवळ मामांकडे चार पिंपं आहेत. आज मी खाल्लेली बोलणी त्यांचीच होती, आणि ती रास्त होती."

"मामांकडे सहा स्टुलं आहेत, वहिनी."

"मग उभे राहा. पुलाला कठडा कशाला असतो?"

सगळे फोरमनकडे बघू लागले. त्यानं अर्धा ग्लास संपवला, मिशीवरचा फेस पुसला आणि दोऱ्याचा हार नीट केला. "एकतीस वर्षं बसून प्यायलो," तो म्हणाला. "आज उभं राहून बघतो." तो निघाला तशी माणसं निघाली. वहिनीनं दारात उभं राहून मोजली. अठ्ठेचाळीस पुलाकडे गेली. अकरा घरी. अकरा कोपऱ्यावर, त्यातले नऊ चेहरे तिला पाठ होते, उरलेले दोन तिनं त्या दिवशी पाठ केले.

अर्ध्या तासानं मामांचा फोन आला. "अगं, पन्नास माणसं पाठवलीस. ग्लास काय तुझ्या सासऱ्याकडून आणू?"

तिनं शनिवारी साडेचार वाजता बारला कुलूप लावलं, जे शनिवारी त्या वेळी कधी लागलं नव्हतं, आणि दोघं नवरा-बायको ग्लासांची दोन खोकी उचलून पुलाकडे गेली. कठड्याला टेकून माणसं उभी होती. मामा घामाघूम होऊन ओतत होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

"मोजून आणलेस?"

"पन्नास."

"धुऊन दे. इथे एकच हात आहे."

ती आत शिरली. कपाटाएवढ्या जागेत दोघं पाठीला पाठ लावून उभी राहिली, ती धुवायला, ते ओतायला.

"मंगळवारी माझी चार परत," मामा पाठीमागून म्हणाले.

"गाडी आली तर."

"नाही आली तर?"

"तर पुन्हा गोदामात जाईन. आणि या खेपेला फोनवर नाही. त्या साहेबाच्या डोक्यावर जाऊन बसते, तो काय चावतो ते बघते."

"एकटी जाशील आणि पुन्हा दुसऱ्या कुणाची तरी उचलून आणशील. मी येणार."

"या."

"गाडी कुणाची? लाँड्रीवाल्याची?"

"हो."

मामांनी ग्लास अर्धा भरला, थांबले, फेस बसू दिला. "मी पुढे बसणार," ते म्हणाले. "तुझ्या नवऱ्याला मागे चादरींत बसव."